एका गोळीचा हिशेब

‘बारा बोअर’ हा शब्द आपण हिंदी सिनेमात इतक्या वेळा ऐकलेला असतो, की त्यातले बारा कशाचे हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मला पडला. आकडा दिसला की तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय खाली सही करायची नाही, अशा नोकरीत माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. ती सवय काही जात नाही. उत्तर मोठं गमतीचं निघालं. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअरची. बँकेत आकडा वाढला की रक्कम वाढते. इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो आणि त्या मापाची भरीव गोळी अडतीस ग्रॅमच्या आसपास.

खरी गंमत पुढेच आहे. जिचं नाव एका गोळीवरून पडलं, ती बंदूक एरवी गोळी झाडतच नाही. ती झाडते छर्रे. काडतुसात मोहरीएवढे, ज्वारीएवढे, फार तर वाटाण्याएवढे शिशाचे दाणे असतात. बार काढला की मूठभर धान्य भिरकावल्यासारखे ते पसरतात. उडत्या पाखराला, धावत्या सशाला हे पसरणं सोयीचं. रायफलीचं तसं नाही. तिच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत. तरीही या गुळगुळीत नळीतून एकच जड गोळी झाडून मोठं जनावर मारायचं, ही विद्या शेकडो वर्षं चालत आली आहे. आपल्याकडे ती राजेरजवाड्यांपेक्षा शेतकऱ्याच्या घरी अधिक नांदली. तिचं जनावरही ठरलेलं आहे. रानडुक्कर.

रविवारी सकाळी चहाबरोबर शिकारीचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. आमच्या घरातही यावर दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी एकटाच आहे. पण हा विषय हौसेचा राहिलेला नाही. कोकणात भात, घाटावर ऊस आणि भुईमूग, विदर्भात तूर, हरभरा, सोयाबीन. पीक कुठलंही असो, शेतकऱ्याशी दहा मिनिटं बोललं की अकराव्या मिनिटाला डुक्कर येतंच. आणि डुकराला आवरायचे जे मार्ग आज खेड्यांत चोरून वापरले जातात, ते पाहिले की बंदुकीची ती जुनी, कंटाळवाणी, हिशेबी विद्या कुठे गेली असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली. मी जेमतेम तिशीकडे झुकलेला, मॅनेजर म्हणून पहिलीच शाखा. पीककर्जाचा हप्ता थकला की कारण लिहून घ्यायचं असे. अवर्षण, अतिवृष्टी, कीड, घरातलं आजारपण, ही कारणं मला पाठ होती. तिथे पहिल्याच हंगामात तीन अर्जांवर एकच शब्द आला: ‘डुकर’. मी हसलो नाही, पण वर पाठवलेल्या कागदावर ‘वन्यप्राण्यांचा उपद्रव’ असं भारदस्त लिहिलं. मग एका खातेदाराने मला शेतावर नेलं. पोटरीतून बाहेर पडून लोंब्या धरलेलं भात, आठवड्याभरात कापणी. त्याच्या मधोमध कुणी सतरंज्या अंथराव्यात तसं लोळवलेलं. डुक्कर खातं त्याच्या कितीतरी पट तुडवतं, हे तेव्हा कळलं. बांधावरची रताळी तर नांगरून काढल्यासारखी उलथलेली होती. मागच्या बाजूला चार महिन्यांपूर्वी लावलेली माडाची रोपं मुळासकट उपटून पडली होती. ती रोपं आमच्याच कर्जातली.

त्या गावात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक होती आणि तिचा परवाना दर वेळी नूतनीकरण करून काचेच्या चौकटीत घालून ठेवलेला असे. दसऱ्याला ती पाटावर मांडली जायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी गुरुजी ती घेऊन ओढ्यापलीकडे जात. रद्दीचा एक मोठा कागद मातीच्या बांधावर खुंटीनं ठोकून त्यावर कोळशाने वर्तुळ काढत, चाळीस पावलं मोजत आणि दोन नळ्यांतून एकेक गोळी झाडत. मग परत येऊन बोटांनी मोजत: मधोमधपासून किती बोटं डावीकडे, किती वर.

हा सोपस्कार कशासाठी? दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या समांतर दिसल्या तरी पुढे किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात आणि त्यांची जुळणी कारखान्यात छऱ्यांसाठी केलेली असते. छर्रे पसरतात, तेव्हा चार बोटांचा फरक पोटात जातो. एकच गोळी घातली की प्रत्येक नळीचा स्वभाव उघडा पडतो. शिवाय डावी नळी तोंडाशी आवळलेली, उजवी बरीच मोकळी. पूर्ण मापाची भरीव गोळी आवळ नळीतून दामटली तर नळी फुगायची भीती. नेम धरायला रायफलीसारखी मागची खाच नसते, टोकाला एक पितळी माशी असते, बस्स. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तरच त्या माशीला अर्थ. गुरुजींची उजवी नळी चाळीस पावलांवर तीन बोटं डावीकडे मारायची. त्यांना ते माहीत होतं. ते तीन बोटं उजवीकडे धरत. ज्याला माहीत नाही त्याने काय धरायचं?

ही माहिती नसली की काय होतं याचा जगप्रसिद्ध दाखला जिम कॉर्बेट यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९०७ साली कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा त्यांनी पाठलाग केला. चारशे छत्तीस माणसांचे बळी तिच्या नावावर होते. शेवटच्या दिवशी रायफलीची मोजकी तीन काडतुसं संपली, वाघीण जखमी, समोर कड्यावर. कॉर्बेट धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून आणतात. त्यात एकच लांबट गोळी भरलेली. वाघीण वीस फुटांवर, जबडा उघडा. नेम जबड्यावर धरला आणि गोळी लागली पुढच्या पंजाला. त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात चांगली फट होती. ती ध्यानात आली बंदूक उचलल्यावर. वाघीण आधीच्या जखमांनी संपत आली होती म्हणून ती तिथेच पडली. कॉर्बेटसारख्या नेमबाजाची गोळी वीस फुटांवर इकडची तिकडे गेली, ती परक्या, न तपासलेल्या बंदुकीमुळे.

गुळगुळीत नळीच्या या अडचणीवर विचार करणारे लोक सगळीकडे झाले. पैकी एक तर हिंदुस्थानी फौजेतलाच. कर्नल जॉर्ज फॉस्बरी हा सरहद्दीवरच्या १८६३ च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी. त्याने १८८५ मध्ये युक्ती काढली, की नळी सगळी गुळगुळीत ठेवायची आणि तोंडाशी दोन-तीन इंच तेवढा पीळ द्यायचा. छर्रेही चालतील, गोळीही फिरत जाईल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली. ती अर्थातच साहेबाच्या खिशाला परवडणारी.

दुसरी दिशा नळीऐवजी गोळीच बदलायची. लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेकने १८९८ मध्ये गोळीच्या मागे हलक्या बुचाचं शेपूट कायमचं जोडून टाकलं. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे आणि पिसं मागे होतात ना? तसंच. जड तोंड पुढे, हलकं शेपूट मागे, म्हणून गोळी कोलांट्या न खाता जाते. १९३१ मध्ये अमेरिकेत कार्ल फॉस्टरने शेपटाऐवजी गोळी मागून पोकळ केली, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. तिच्या अंगावर तिरप्या रेघा असतात. त्या रेघांनी गोळी फिरते अशी समजूत मी अनेक जाणत्यांकडून ऐकली आहे. त्यांचं मुख्य काम मात्र आवळ नळीतून जाताना शिशाला दबायला जागा देणं एवढंच. इंग्रजीत या जातीच्या गोळीला ‘स्लग’ म्हणतात. आपल्याकडे सरळ ‘गोळी’, आणि छऱ्यांचं ते ‘काडतूस’. गुरुजी म्हणत, ‘‘आज गोळी घेतलंय’’, की ऐकणाऱ्याला कळायचं आज डुक्कर.

फॉस्टरची गोळी बहुधा अठ्ठावीस ग्रॅमची, एक औंस. नळीतून सुटताना वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या वर असतो. पण तिचं तोंड बोथट आणि अंग जाड. हवा तिला लवकर अडवते. पन्नास-साठ मीटरपर्यंत ती जबरदस्त. शंभर मीटरवर ती वीतभर खाली उतरू लागलेली असते, आणि नुसत्या माशीने धरलेला नेम तोवर कुठच्या कुठे गेलेला असतो. म्हणून ही जवळची शिकार. जनावराचा श्वास ऐकू येईल इतकी जवळची.

आता या जनावराकडे पाहू. गावठी डुक्कर आणि रानडुक्कर यांत एका कुळाची सोयरीक असली तरी नजरेला ते पटत नाही. पुऱ्या वाढीचा नर शंभर किलोच्या आसपास भरतो. खांद्याला उंच, मागे उतरता, मानेवर राठ केसांची आयाळ. नजर बेताची, नाक मात्र विलक्षण. वाऱ्याच्या वरच्या बाजूला माणूस बसला असेल तर कळप शेताकडे फिरकतच नाही. माद्या पिलांसह कळपात, मोठा नर बहुधा एकांडा. एका वेताला चार-सहा पिलं, गाभणकाळ चार महिन्यांच्या आतला. उसाचं रान म्हणजे या कुटुंबाला खाणं, पाणी आणि घर, तिन्ही एका ठिकाणी.

आणि नराच्या खवाट्यावर ढाल असते. अक्षरशः ढाल, कातडीखाली कूर्चेसारखा चिवट, जाड थर. दोन नर सुळ्यांनी झुंजतात तेव्हा घाव झेलण्यासाठी निसर्गाने दिलेला. छर्रे घेऊन डुकराच्या मागे जाणाऱ्याची फजिती इथे होते. मोठे छर्रे असतात, एल.जी., एस.जी. अशा नावांचे, एका काडतुसात मोजके सहा-आठ. पंचवीस पावलांवर ते काम करतातही. पण पन्नास पावलांवर त्यांतले दोन-तीनच अंगाला लागतात. एक ढालीत रुततो, एक पोटात जातो. डुक्कर पडत नाही. ते निघून जातं आणि कुठेतरी चार दिवसांनी मरतं. फ्रान्समध्ये रानडुकरावर छर्रे झाडायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, गोळीच हवी, ती याच कारणाने.

माझ्या त्या तीन वर्षांत शेजारच्या वाडीतल्या एकाने अंधारात, लांबून, मोठ्या छऱ्यांचा बार काढला होता. सकाळी बांधावर रक्ताचे थेंब. तो म्हणाला, ‘‘लागलं, जाईल मरून.’’ गुरुजी त्या दिवशी शाळेत कधी ओरडले नसतील इतके ओरडले. मग स्वतःची बंदूक घेऊन दोन दिवस त्या रक्तामागे हिंडले, वय सदुसष्ट. पाचव्या दिवशी ते जनावर ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत सापडलं, वासावरून. जिवंत जखमी डुक्कर लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांच्या वाटेवर बसलेलं असतं तर काय झालं असतं, हे त्या गावात कुणाला समजावून सांगायला लागत नव्हतं. सुळा खालून वर चालतो, आणि तो मांडीवर चालतो.

गुरुजींची वही मी पाहिली आहे. शाळेची शंभर पानी, आडव्या रेघांची. त्यात त्यांनी उभे रकाने आखले होते: तारीख, नळी, काडतूस, पावलं, कुठे लागली, जनावर किती पावलं गेलं. वनखात्याचे परवानगीचे कागद त्या त्या पानाला टाचणीनं लावलेले. माझ्या शाखेतलं कुठलंही खातं इतकं नीट लिहिलेलं नव्हतं. पण मला धरून ठेवलं ते शेवटच्या रकान्यानं. त्याचं शीर्षक होतं ‘नाही’. त्यात न झाडलेल्या गोळ्यांची नोंद होती. ‘पिल्लं बरोबर.’ ‘मागे पायवाट.’ ‘तोंड इकडे.’ ‘पाऊस, माशी दिसत नाही.’ ‘पासष्ट पावलं.’ एका पानावर सतरा ‘नाही’ आणि दोन गोळ्या होत्या.

‘‘मॅनेजरसायबानू,’’ ते मला म्हणाले होते, ‘‘बार काढूक कोणाकय येता. थांबूक येवक व्हया.’’

‘तोंड इकडे’ म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं. समोरून येणाऱ्या डुकराचं कपाळ उतरतं आणि हाड जाड. तिथे मारायचं नाही. आडवं उभं राहू द्यायचं, पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात माशी न्यायची. काळीज तिथे असतं. ‘मागे पायवाट’चा अर्थ सरळ आहे. चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी कुठे जाईल? म्हणून ते शेतातल्या माळ्यावर बसूनच झाडत. उंचावरून झाडलेली गोळी चार हातांवर मातीत शिरते. गोळी झाडल्यावर उतरायचं नाही. विडी ओढेपर्यंत थांबायचं. (ते स्वतः विडी ओढत नसत; रामरक्षा म्हणत. पण वेळेचं माप विडीचंच सांगत.) मग कंदील, कुत्रा, मागे दोन माणसं, आणि बंदुकीत पुन्हा गोळी.

गोळी उसळण्याची गोष्ट आपण समजतो त्याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या मक्याच्या सपाट प्रदेशात, ओहायो, इलिनॉय, आयोवा या राज्यांत, हरणाच्या शिकारीला रायफल बंद आणि बारा बोअरची गोळी चालू, असा नियम अनेक दशकं होता. तर्क असा, की वस्ती दाट, जमीन सपाट, रायफलीची गोळी दूर जाते, ही जात नाही. पेन्सिल्व्हानियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये याचा अभ्यास झाला तेव्हा तर्काला तडा गेला. गोळी वर रोखून झाडली तर रायफलीचीच लांब जाते, हे खरं. पण सपाट धरून झाडलेली ही बोथट जड गोळी जमिनीवर आपटून उसळली, की रायफलीच्या गोळीपेक्षा थोडी अधिकच दूर जाऊ शकते. रायफलीची आपटल्यावर बराच जोर गमावते. पुढे ओहायोने २०१४ मध्ये आणि इलिनॉयने २०२३ मध्ये ठरावीक, मर्यादित पल्ल्याच्या रायफलींना हरणासाठी परवानगी दिली. गुरुजींनी यातला कुठलाही अहवाल वाचलेला नव्हता. पण जांभ्याच्या कातळाकडे तोंड करून त्यांनी कधी गोळी झाडली नाही. कातळ गोळी परत करतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

डुक्कर पडलं की गाव गोळा व्हायचं आणि वाद ठरलेला: गोळी कुणाची? दोन बंदुका असल्या तर हमखास. हा वाद फार जुना आहे. महाभारतात मूक नावाचा दैत्य डुकराच्या रूपाने येतो, अर्जुन बाण सोडतो, त्याच क्षणी किरातही सोडतो, आणि पुढचं सगळं युद्ध ‘डुक्कर माझ्या बाणाने मेलं’ यावर. भारवीने त्यावर महाकाव्य रचलं. आमच्या वाडीत ते वाट्यांवर मिटे. बंदुकीचा एक वाटा, मारणाऱ्याचा एक, हाका घालणाऱ्यांचे, ज्याचं शेत त्याचा, आणि म्हाताऱ्या-विधवांच्या घरी पानावरून पाठवायचा वेगळा.

आता कायद्याकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. तेव्हापासून हौसेची शिकार या देशात बंद आहे आणि ते योग्यच झालं. ज्या पिढीने माळरानावरची काळविटं जीपमधून टिपली, तिच्या हातून हा अधिकार जायलाच हवा होता. मात्र कायद्याच्या अकराव्या कलमात एक दार उघडं आहे: माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोका झालेल्या ठरावीक वर्गातल्या जनावराला मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातले रोही, या वर्गात मोडतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये अशा परवानगीची वाट शेतकऱ्यासाठी सोपी केली. केरळने मे २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला. मारलेलं डुक्कर मात्र सरकारी मालमत्ता, पुरून टाकायचं. पानावरून पाठवायचा वाटा गेला. मांसाची मोकळीक दिली तर परवानगीच्या आडून बाजार भरेल, ही सरकारची भीती खोटी नाही. पण काडतूस शेतकऱ्याने आणायचं, रात्री त्याने जागायच्या आणि खड्डाही त्यानेच खणायचा, तर तो किती रात्री जागेल?

बिहारमध्ये वेगळा मार्ग निघाला. केंद्राने काही जिल्ह्यांत नीलगाय उपद्रवी ठरवली आणि जून २०१६ मध्ये मोकामाच्या परिसरात हैदराबादहून बोलावलेल्या बंदूकधाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक जनावरं मारली. दिल्लीत त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. भांडण तत्त्वाचं होतं, दोन्ही बाजूंना म्हणणं होतं. माझ्या मनात मात्र गुरुजींचा तो शेवटचा रकाना आला. मारलेल्यांचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत होता. जखमी होऊन गेलेल्यांचा कुणी छापला नाही.

कारण परवानगी देणं सोपं आहे. मारता येणारा माणूस कुठून आणायचा? १९५९ चा शस्त्र कायदा साध्या शेतकऱ्याचा विचार करणारा होता. वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा त्यात वेगळा उल्लेख आहे. कोकणात असे परवाने घरोघर नसले तरी वाडीत एखादा असे. आता म्हातारा वारला की मुलगा ठाण्याहून येतो, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी परवाना ठेवला आहे त्यांना निवडणूक आली की बंदूक जमा करण्याची नोटीस येते. आपल्या विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहा: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. भाताची कापणी नेमकी याच दिवसांतली. निवडणूक आयोगाला भात कळत नाही आणि डुकराला आचारसंहिता.

मग लोक काय करतात? शेताभोवती तार ओढून विजेच्या खांबावरून आकडा टाकतात. त्या तारेला डुक्कर, कुत्रं, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांत फरक करता येत नाही. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत आणि माणसंही. दुसरा प्रकार पिठाच्या गोळ्यात किंवा फळात दडवलेल्या गावठी बॉम्बचा. २०२० च्या मे महिन्यात केरळात पलक्कड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोट होऊन, नदीत उभी राहून मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. तो बार बहुधा डुकरासाठीच लावलेला होता. डुक्कर तसं मरतं तेव्हा फोटो येत नाही, इतकंच.

शिकारीला विरोध करणाऱ्या माझ्या घरातल्या पक्षाला मी हेच सांगत असतो. निवड ‘मारायचं की नाही’ एवढी सोपी राहिलेली नाही. तार, बॉम्ब, लांबून काढलेला आंधळा बार आणि चाळीस पावलांवरची एक तपासलेली गोळी, यांतली ही निवड आहे. परवानगीच्या कागदाबरोबर बंदूकवाल्याची परीक्षा का असू नये? रद्दीचा कागद, चाळीस पावलं, तीन गोळ्या. वीतभर वर्तुळात तिन्ही बसल्या तर यादीत नाव. तालुक्याला अशी दहा माणसं, त्यांना काडतुसं आणि मानधन सरकारचं, आणि जखमी जनावर शोधल्याशिवाय दुसरी परवानगी नाही. केरळच्या पंचायतींनी बंदूकधाऱ्यांच्या याद्या केल्या, गोळी झाडणाऱ्याला आणि पुरणाऱ्याला मानधन दिलं. म्हणजे हे अशक्य नाही. एक वहीही द्यावी, रकाने आखून. सौ. म्हणते, ‘‘तुम्हाला प्रत्येक गोष्टीत लेजरच दिसतं.’’ दिसतं खरं.

गेल्या भाद्रपदात त्या गावी जाणं झालं. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पुतण्याने गणपतीसमोरच बसून मला परवानगीचा अर्ज दाखवला, नीट भरलेला, सातबारा जोडलेला. डुकराने नाचणीचा एक कोपरा आधीच उलथला होता. भात अजून हिरवं होतं. परवानगी मिळेल असं त्याला आश्वासन होतं. अडचण मारणाऱ्याची होती. पंचक्रोशीत गोळी टाकता येणारा, परवाना चालू असलेला एकच माणूस उरला आहे, वय चौऱ्याहत्तर, आणि त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख त्याला दिवाळीनंतरची मिळाली होती. भात त्याच्या आधी कापणीला येतं.